माझे वडील : एक जुळारी

(नभोवाणीवर केलेलें भाषण)

वडिलांविषयीं बोलावयाचें म्हणजे मनुष्य सहसा त्यांच्या उपदेशापासून आरंभ करतो. माझी अडचण अशी आहे कीं, माझ्या वडिलांनीं मला फारसा उपदेश केलाच नाहीं. उपदेश करण्यास वेळ लागतो, आणि तो त्यांच्याजवळ नव्हता. माझ्या लहानपणीं मी उठे तेव्हां ते कामावर गेलेले असत, व मी निजल्यावर ते परत येत. रविवारीं सकाळीं मात्र एक सडपातळ, किंचित् वांकलेले गृहस्थ आमच्या खोलींत पाटावर बसून चहा पीत असत. त्यांच्या उजव्या हाताचीं दोन बोटें व आंगठा हीं कितीहि घासलीं तरी काळसरच राहात. हे गृहस्थ म्हणजे माझे वडील. आम्ही भावंडें त्यांना दादा म्हणत असूं.

दादा छापखान्यांत खिळे जुळवीत असत. ‘जुळारी’ हा शब्द आतां इतका दुर्मिळ झाला आहे कीं, तरुण श्रोत्यांकरितां त्याचा अर्थ सांगितला पाहिजे. शिसें, अँटिमनी व कथील यांच्या मिश्रणाचा, इंचाहून किंचित् कमी उंचीचा एक चौकोनी तुकडा. त्याच्या डोक्यावर एक उलटें अक्षर आणि अंगाला एक बारीकशी खांच. हा खिळा. असे हजारों खिळे लांकडी पेट्यांतील लहान लहान घरांत भरलेले असत. जुळाऱ्यानें लेखकाचें हस्तलिखित समोर ठेवावयाचें, डाव्या हातांत स्टिक धरावयाची, आणि उजव्या हातानें एकेक खिळा उचलून तींत ओळ भरावयाची. खिळ्याची खांच बोटाला लागली कीं, तो कसा बसवावयाचा हें न पाहतांच समजे. ओळ डावीकडून उजवीकडेच भरावयाची, पण अक्षरें डोक्यावर उभीं असल्यासारखीं वाचावयाचीं. ओळींचें पान व्हावें, पानांचा फर्मा व्हावा, फर्मा छापून झाला कीं तेच खिळे पुन्हां आपापल्या घरीं परत टाकावे. म्हणजे आज जें बांधलें तें चार दिवसांनीं मोडावयाचें, आणि त्याच खिळ्यांतून दुसरें कांहीं बांधावयाचें. अशीं चौपन्न वर्षें माझ्या वडिलांनीं काढलीं.

त्यांचा जन्म १९१७ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील एका लहानशा गांवीं झाला. वडील लवकर वारले. मराठी चार यत्ता कशाबशा झाल्या, आणि १९३१ सालीं, वयाच्या चौदाव्या वर्षीं, ते आगबोटीनें मुंबईस चुलत्यांकडे आले. चुलते गिरगांवांतील एका छापखान्यांत यंत्रावर होते. तेथें पहिलें वर्षभर दादांना स्टिक हातांत धरावयास मिळाली नाहीं. संध्याकाळीं जमिनीवर पडलेले खिळे झाडूनें गोळा करावे, धुळींतून निवडावे, आणि कोणता खिळा कोणत्या घरचा हें ओळखून तो तेथें पोंचवावा, एवढेंच त्यांचें काम. ‘माझें हायस्कूल तें,’ असें ते पुढें म्हणत.

हें हायस्कूल सोपें नव्हतें. रोमन लिपीचा संसार आटोपशीर असतो. देवनागरीचा म्हणजे एकत्र कुटुंबाचा. मूळ अक्षरें, अर्धीं अक्षरें, जोडाक्षरें, काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार अशीं सर्व मंडळी धरलीं म्हणजे खिळ्यांचे प्रकार कित्येक शेंकड्यांवर जात, व जुळाऱ्याच्या पुढें, डावीकडे आणि उजवीकडे पेट्यांची रांग उभी राही. लोकमान्य टिळकांनीं खिळ्यांची ही संख्या कमी करण्याची खटपट केली होती. पुढें सावरकरांच्या लिपिशुद्धीच्या चळवळींतून ‘अि, अी, अु’ अशी ‘अ’ची बाराखडी आली, तिच्याहि मागें छपाई सुलभ व्हावी हा एक हेतु होता. या दोन्ही गोष्टींविषयीं दादांना आस्था होती, पण ती राजकारणाची नव्हे, खांद्याची. दूरच्या पेटींतला एकेक खिळा म्हणजे हाताची एकेक फेरी, आणि दिवसाच्या अशा हजारों फेऱ्या. थोर माणसें लिपीचा विचार राष्ट्राच्या दृष्टीनें करीत. दादा तो आपल्या उजव्या खांद्याच्या दृष्टीनें करीत. मला वाटतें, दोन्ही दृष्टि खऱ्या होत्या.

त्या छापखान्यांत एक कथा वारंवार सांगितली जाई. निर्णयसागर छापखान्याचे संस्थापक जावजी दादाजी हे लहानपणीं अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत हलक्याशा कामावर लागले, आणि १८६९ सालीं त्यांनीं स्वतःचा छापखाना काढला. त्या छापखान्याच्या संस्कृत ग्रंथांचा लौकिक पुढें परदेशांतहि गेला. कथा खरी आहे, आणि थोर आहे. मात्र ती सांगणारे बहुधा मालक असत, आणि तिचें तात्पर्य ‘कष्ट करा म्हणजे तुम्हीहि मालक व्हाल’ असें निघे. दादा ती ऐकून घेत. एकदां मात्र ते मला म्हणाले, ‘अरे, पानाच्या डोक्यावर ‘श्री’ एकच बसतो. खालीं बाकीचे खिळे नसले तर त्या ‘श्री’चें पान होत नाहीं.’ त्यांच्या बोलण्यांत कडवटपणा नव्हता. तें एका जुळाऱ्याचें साधें निरीक्षण होतें.

कामाचे तास किती, हें आज सांगितलें तर अतिशयोक्ति वाटेल. १९३४ च्या कारखान्यांच्या कायद्यानें बारमाही कारखान्यांतील प्रौढ कामगारांसाठीं आठवड्याचे ५४ तास ही मर्यादा घातली. पण तो कायदा सामान्यतः वीस किंवा अधिक माणसें असलेल्या, यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांना लागू होता, आणि दादांच्या छापखान्यांत माणसें होतीं सोळा. १९४८ च्या कायद्यानें ती संख्या दहावर आणली व तास ४८ केले. तेव्हां मी चार वर्षांचा होतों. दादांना कायद्यानें संध्याकाळ दिली खरी, पण त्यांची मजुरी कामाच्या मापावर होती, आणि आठ तासांचें माप घरांतील सात तोंडांना पुरत नसे. म्हणून दादांनीं ती संध्याकाळ दुसऱ्या एका लहान छापखान्याला विकली. दिवसा पुस्तकें आणि रात्रीं लग्नपत्रिका, हँडबिलें, पावती-पुस्तकें, असा क्रम सुरू झाला.

आईहि स्वस्थ नसे. छापलेल्या कागदांचे गठ्ठे आमच्या खोलींत येत, आणि दुपारच्या वेळीं ती व आम्ही भावंडें त्यांना घड्या घालीत असूं. लांकडी पट्टीनें घडी दाबतांना होणारा आवाज अजून माझ्या कानांत आहे. त्या पानांतला मजकूर दादांच्या हातांतून गेलेला आहे हें आम्हांला ठाऊक असे. एखाद्या वेळीं आई घडी घालतां घालतां थांबे, एका ओळीवर बोट ठेवी आणि म्हणे, ‘ही त्यांनीं रात्रीं उशिरां जुळविलेली दिसते, येथें चूक राहिली आहे.’ नवऱ्याचा थकवा ओळखण्याचें हें साधन आणखी कोणा स्त्रीजवळ होतें कीं काय, मला माहीत नाहीं.

मराठी घरांत दिवाळी अंक ही मोठी हौसेची वस्तु. १९०९ सालीं ‘मनोरंजना’नें दिवाळी अंक काढला, तेव्हांपासून ही प्रथा वाढत गेली. वाचकांच्या घरीं तो अंक फराळाच्या ताटाबरोबर यावा, यासाठीं जुळाऱ्यांच्या घरीं भाद्रपदापासूनच रात्री जागविल्या जात. गणपतीला दादांना गांवीं जातां येत नसे. दिवाळींत ते घरीं असत, पण निजलेले असत. पहिल्या आंघोळीच्या पहांटे आई त्यांना उठवावयास जाई व तशीच परत येई. ‘थोडें निजूं दे त्यांना,’ असें म्हणून ती तेलाची वाटी झांकून ठेवी. आम्ही मुलें फटाके घेऊन चाळीच्या दुसऱ्या टोंकाला जात असूं, कारण आमच्या दाराशीं आवाज करावयाचा नाहीं असा नियम होता. लोकांच्या घरीं दिवाळी यावी म्हणून आमच्या घरची दिवाळी पाऊल न वाजवितां येत असे.

आतां एक लहानशी गोष्ट सांगतों. जुन्या मराठी लेखनांत न उच्चारले जाणारे पुष्कळ अनुस्वार होते. ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘केलें’, ‘घरांत’ या शब्दांवर टिंब पडे. पुढें मराठी साहित्य महामंडळानें शुद्धलेखनाचे नवे नियम केले, १९६२ सालीं सरकारनें ते मान्य केले, आणि हे मुके अनुस्वार गेले. सुशिक्षितांत यावर पुष्कळ वाद झाला. दादांचें मत कोणी विचारलें नाहीं. पण एकतीस वर्षांची संवय हातांत मुरलेली. ‘नाही’ शब्द आला कीं हात आपोआप अनुस्वाराच्या घराकडे जाई, आणि मग तो परत आणावा लागे. मीं विचारलें तेव्हां ते म्हणाले, ‘बरें झालें, काम कमी झालें.’ मग थोडा वेळ थांबून म्हणाले, ‘पण ‘तें’ म्हणजे एक वस्तु आणि ‘ते’ म्हणजे पुष्कळ लोक, हें पूर्वीं टिंब सांगत असे. आतां वाचणारानें ओळखावयाचें.’ आजचें हें भाषण मीं लिहून आणलें आहे तें दादांच्या वेळच्या अनुस्वारांनिशीं. तुम्हांला ते ऐकूं येणार नाहींत. पण माझ्या समोरच्या कागदावर ते आहेत, आणि छापतांना ते तसेच राहूं द्यावे, अशी मीं विनंति केली आहे.

यानंतर जी हकीकत सांगावयाची ती माझ्या फारशा भूषणाची नाहीं. १९६४ सालीं मी कॉलेजांत होतों. आमच्या घराण्यांत कॉलेजचा उंबरठा ओलांडणारा मी पहिलाच. बरोबरीच्या मुलांचे वडील कोणी वकील, कोणी डॉक्टर, कोणी सचिवालयांत. माझे वडील काय करतात असें कोणी विचारलें कीं मी म्हणें, ‘ते प्रिंटिंगच्या व्यवसायांत आहेत.’ हें असत्य नव्हतें; पण ऐकणाराची समजूत काय होते हें मला ठाऊक होतें, आणि ती तशी व्हावी अशीच माझी इच्छा होती. त्याच वर्षीं कॉलेजच्या नियतकालिकासाठीं मीं एक लेख लिहिला. विषय होता ‘श्रमप्रतिष्ठा’. लेख मोठा आवेशपूर्ण होता. नियतकालिक कोठें छापलें जातें याची चौकशी करण्याचें मला कांहींच कारण नव्हतें.

तें दादांच्या छापखान्यांत छापलें जात होतें, आणि माझा लेख त्यांच्याच वांट्याला आला. रविवारीं सकाळीं चहा पितां पितां ते म्हणाले, ‘तुझा लेख काल जुळविला. अक्षर चांगलें आहे तुझें, वाचतांना त्रास झाला नाहीं.’ मी गप्प राहिलों. ‘एक झालें मात्र,’ ते पुढें म्हणाले, ‘‘ष्ठ’ संपला. प्रतिष्ठा, निष्ठा, श्रेष्ठ, कनिष्ठ. दोन पानांतच घर रिकामें झालें. शेजारच्या पेटींतून उसना आणावा लागला.’ एवढें बोलून त्यांनीं कप खालीं ठेवला.

त्यांना दुसरें कांहीं सुचवावयाचें होतें, असें मला आजहि वाटत नाहीं. खिळा संपला ही जुळाऱ्याची नेहमींची तक्रार. त्यांचा मुलगा कॉलेजांत त्यांची ओळख कशी करून देतो, हें त्यांना ठाऊक असण्याचाहि संभव नव्हता. पण मला मात्र त्या क्षणीं असें दिसलें कीं, श्रमाच्या प्रतिष्ठेवर मीं जें लिहिलें त्यांतली प्रतिष्ठा मीं घेतली आणि श्रम दादांनीं केले. इतकेंच नव्हे, तर प्रतिष्ठेला लागणारें अक्षरसुद्धां त्यांना शेजाऱ्याकडून उसनें आणावें लागलें. दुसऱ्या दिवशीं मीं माझ्या दोघां मित्रांना, विचारलें नसतांहि, सांगितलें कीं माझे वडील खिळे जुळवितात. त्यांतला एक म्हणाला, ‘मग?’ त्या ‘मग’ला माझ्याजवळ उत्तर नव्हतें. ज्या गोष्टीची मीं दोन वर्षें लाज बाळगली, ती त्याच्या लेखीं गोष्टच नव्हती. दादांना हें मीं कधीं सांगितलें नाहीं. आज सांगत आहें. पण आज ते ऐकावयास नाहींत.

दादा निवृत्त झाले १९८५ सालीं, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षीं. खरें म्हणजे ते निवृत्त झाले नाहींत, त्यांचा धंदा निवृत्त झाला. फोटोच्या साहाय्यानें अक्षरें जुळविण्याची पद्धत आली होती, आणि तिच्या पाठोपाठ संगणक येऊं घातला होता. मालकांच्या मुलांनीं जुना विभाग बंद केला. खिळे वजनावर विकले गेले. पोत्यांत भरतांना ते सरमिसळ झाले. जे कोणत्या घरचे हें ओळखण्यांत दादांनीं आपलें पहिलें वर्ष घालविलें होतें, ते सारे खिळे एकाच तराजूंत गेले. दादांनीं मालकांकडून आपली स्टिक व मूठभर खिळे मागून घेतले. घरीं आले, हात धुतले, आणि आईला म्हणाले, ‘उद्यां मला लवकर उठवूं नकोस.’ दुसऱ्या दिवशीं ते नेहमींप्रमाणें पहांटे पांचलाच उठून बसले, आणि आतां काय करावें हें न कळून गॅलरींत उभे राहिले.

त्यांना या स्थितींतून सोडविलें तें माझ्या दोन मुलांनीं. मुलगी सहा वर्षांची, मुलगा चारांचा. त्यांना आजोबा हें एक नवीनच खेळणें सांपडलें. आणि दादांना, माझ्या समजुतीप्रमाणें, आयुष्यांत प्रथमच एक मोकळी दुपार सांपडली. त्यांनीं ते मूठभर खिळे काढून मुलीला अक्षरें शिकविण्यास आरंभ केला. परिणाम असा झाला कीं, महिन्याभरानें शाळेंतून चिठ्ठी आली: मुलगी कांहीं अक्षरें उलटीं काढते, घरीं लक्ष द्यावें. मीं ती दादांना वाचून दाखविली. ते इतके हंसले कीं त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलें. मी तेव्हां एकेचाळीस वर्षांचा होतों, आणि वडिलांना असें हंसतांना मीं त्यापूर्वीं पाहिलेलें मला आठवत नव्हतें.

मग गोष्टी सुरू झाल्या. दादांना गोष्टी पुष्कळ येत, पण त्या विलक्षण असत. त्यांना आरंभ नसे, आणि शेवट तर नसेच. ‘मग ती मुलगी नदीपाशीं आली,’ अशी गोष्ट सुरू होई. ती मुलगी कोण, कोठून आली, हें विचारल्यास आजोबा म्हणत, ‘तें मला माहीत नाहीं.’ आणि ऐन रंगांत आल्यावर ते थांबत. ‘पुढें काय झालें, आजोबा?’ ‘पुढचीं पानें माझ्याकडे नव्हतीं, बाळ.’ याचें कारण असें कीं, पुस्तकाचें हस्तलिखित एका जुळाऱ्याकडे सबंध येत नसे. काम लवकर उरकावें म्हणून त्याचे तुकडे करून चारपांच जणांत वांटीत. दादांच्या वांट्याला दहा पानें मधलीं येत, तर कधीं बारा पानें शेवटाच्या अलीकडचीं. जुळवून झालीं कीं दुसरें पुस्तक. छापलेलें पुस्तक विकत घेण्यास पैसे नव्हते, आणि मागून वाचण्यास वेळ नव्हता. अशा शेंकडों अर्धवट गोष्टी त्यांच्या मनांत वर्षानुवर्षें पडून होत्या. मुलांची त्याबद्दल तक्रार नव्हती. आरंभ मुलगा रचीत असे आणि शेवट मुलगी.

एकदां हा कार्यक्रम ऐकतां ऐकतां माझ्या तोंडून निघून गेलें, ‘दादा, आम्हांला तुम्ही कधीं गोष्ट सांगितली नाहीं.’ बोलल्यावर मला वाईट वाटलें. ते सहज म्हणाले, ‘तुम्हांला गोष्टी सांगत बसलों असतों, तर शाळेची फी कोणी भरली असती?’ हें उत्तर बिनतोड होतें, आणि विषय तेथें संपावयास हवा होता. पण थोड्या वेळानें, मुलें खालीं खेळावयास गेल्यावर, ते हलक्या आवाजांत म्हणाले, ‘येत होत्या रे मला. तेव्हांहि येत होत्या.’

श्रोतेहो, या वाक्यापाशीं मी पुष्कळ वर्षें थांबलेलों आहें.

पुढें ती मुलगी मोठी झाली, ग्रंथालयांत जाऊं लागली. एका दुपारीं ती एक जीर्ण पुस्तक घेऊन आली. त्यांत आजोबांची ती नदीपाशीं येणारी मुलगी तिला सांपडली होती. दादांच्या डोळ्यांत तेव्हां मोतीबिंदु उतरला होता. त्यांना छापील अक्षर दिसत नसे. तिनें त्यांच्यापाशीं बसून ती गोष्ट पहिल्या पानापासून वाचून दाखविली. मधलीं दहा पानें आलीं तेव्हां दादांचे ओंठ हलूं लागले. कांहीं वाक्यें ते तिच्या आधीं म्हणत होते. त्यापुढचीं पानें मात्र ते अगदीं स्तब्ध बसून ऐकत राहिले. वाचन संपल्यावर ते म्हणाले, ‘म्हणजे पोहोंचली तर ती घरीं.’ आणि मग, जणूं एखादें जुनें काम हातावेगळें झालें अशा समाधानानें, त्यांनीं चष्मा काढून ठेवला. पन्नासएक वर्षांपूर्वीं जुळविलेल्या गोष्टीचा शेवट त्यांना त्या दिवशीं कळला.

दादा १९९४ सालीं गेले. कोंकणांत आगगाडी जावी ही त्यांची फार इच्छा. ती १९९८ च्या जानेवारींत सर्व मार्गावर सुरू झाली, पण तोंपर्यंत ते राहिले नाहींत. ते गेल्यावर भेटावयास आलेले लोक एकच शब्द बोलत: ‘फार कष्टाळू मनुष्य.’ हा शब्द खरा आहे, आणि तो मोठ्या आदरानें उच्चारला जात होता. तरी तो ऐकतांना माझ्या मनाला प्रत्येक वेळीं कांहीं तरी टोंचे. आज मी स्वतः ऐंशीच्या पुढें आहें, आजोबा आहें, तेव्हां तें टोंचणें काय होतें हें आतां स्पष्ट सांगूं शकतों.

कष्टाळूपणा हा गुण आहे यांत शंका नाहीं. परंतु आपण तो गुण ज्या माणसांत पाहतों त्यांना आपण बहुधा दुसरें कांहीं होऊं दिलेलें नसतें. दादा कष्टाळू होते हें आम्हां सर्वांना ठाऊक होतें; ते विनोदी होते, त्यांना गोष्टी सांगण्याची आवड होती, एका गोष्टीच्या शेवटाची ते पन्नास वर्षें वाट पाहात होते, हें त्यांच्या नातवंडांनीं शोधून काढलें. हे गुण त्यांना अडुसष्टाव्या वर्षीं आले नव्हते. ते आधींपासून होते. फक्त त्यांना संध्याकाळ नव्हती. माणसाचे कष्ट वाखाणतांना, त्या कष्टांखालीं काय झांकलें गेलें हें आपण विचारीत नाहीं. तें विचारावयाचें म्हणजे त्यांच्या श्रमावर आपण शिकलों, त्याचा हिशेब मांडावा लागतो, आणि तो हिशेब कधींच जुळत नाहीं.

मग कृतज्ञता म्हणून आपण करावें तरी काय? मला दोन गोष्टी सुचतात. तुमच्या घरीं कोणी वृद्ध असेल, तर त्यांना त्यांच्या कामाविषयीं विचारा. ‘किती कष्ट केले’ असें नव्हे, ‘तें काम करीत कसे’ असें विचारा. पहिल्या प्रश्नाला मनुष्य उसासा टाकतो. दुसऱ्याला तो हात उचलून दाखवूं लागतो, आणि त्या हाताबरोबर सगळा मनुष्य बाहेर येतो. आणि दुसरी गोष्ट: जीं माणसें आज आपल्यासाठीं राबतात, दुकानांत, कारखान्यांत, आपल्या स्वयंपाकघरांत, त्यांना संध्याकाळ मिळते कीं नाहीं हें पाहा. त्यांच्याहि घरीं कोणी तरी गोष्टीची वाट पाहात असेल.

१८६७ च्या कायद्याप्रमाणें पुस्तकावर मुद्रकाचें व प्रकाशकाचें नांव छापणें आवश्यक होतें. जुळाऱ्याचें नांव छापण्याविषयीं त्यांत कांहीं नव्हतें, आणि तें कोणी छापीतहि नसे. पण खिळ्यांनीं छापलेलें एखादें जुनें पुस्तक तुमच्या कपाटांत असेल, तर तें आज रात्रीं काढा. पानाच्या पाठीमागून अलगद बोट फिरवा. अक्षर जेथें दाबलें गेलें तेथें कागद किंचित् उंचावलेला लागेल. आजच्या छपाईंत तो लागत नाहीं. त्या एकेका उंचवट्यासाठीं कोणाचा तरी हात पेटीपर्यंत गेला आणि परत आला. तें पुस्तक वाचण्यास त्या मनुष्याला कदाचित् वेळ मिळाला नसेल. तुम्हांला मिळाला, तर शेवटपर्यंत वाचा.